जंतूंची सूक्ष्म सुई आणि बिल्वाचा काढा

पावसाळ्याच्या प्रारंभी नागपूर व परिसरातील वैद्यांकडे अतिसार आणि प्रवाहिकेचे रुग्ण वाढू लागतात. या व्याधींना कारणीभूत होणारे काही जंतू आतड्याच्या पेशीवर आक्रमण कसे करतात, यासंबंधीचे संशोधन काष्ठौषधींचे मूल्यमापन करताना विचारात घेणे अगत्याचे आहे. म्हणून त्याचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

प्रवाहिकेचा जंतू ‘शिगेला’ जपानी शास्त्रज्ञ कियोशी शिगा यांनी १८९७ मध्ये शोधून काढला. अवघे १० ते १०० जंतूही रोग उत्पन्न करण्यास पुरेसे होतात. या सामर्थ्याचे एक प्रमुख कारण म्हणजे त्याच्या आवरणात बसविलेली ‘तिसऱ्या प्रकारची स्रवण-यंत्रणा’. तिचा पाया जंतूच्या दोन्ही आवरणांतून आरपार गेलेला असतो आणि त्यातून एक पोकळ सुई बाहेर डोकावते. ही सुई एकाच प्रथिनाचे अनेक घटक मळसूत्राप्रमाणे रचून तयार होते. एका वेढ्यात सरासरी ५.६ घटक असतात. सुईची लांबी सुमारे ५० नॅनोमीटर, जाडी ७ नॅनोमीटर आणि आतील छिद्र जेमतेम २ ते ३ नॅनोमीटर असते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. इतक्या अरुंद छिद्रातून घडी घातलेले प्रथिन जाऊ शकत नाही. गुंता सोडवून दोरा ओवावा, तसे ते उलगडून पलीकडे आतड्याच्या पेशीत सोडले जाते.

बालकांत अतिसार उत्पन्न करणाऱ्या ई. कोलाय जंतूच्या एका प्रकारात या सुईच्या टोकाला आणखी एक प्रथिनतंतू जोडलेला असतो. तो सुमारे १२ नॅनोमीटर जाड, आतून पोकळ आणि कित्येक शेकडा नॅनोमीटर लांब असतो. त्यातून जंतू ‘टिर’ नावाचे स्वतःचे प्रथिन पेशीत पाठवितो. ते पेशीच्या पृष्ठभागावर येऊन बसते आणि त्यालाच जंतू घट्ट चिकटतो. यजमानाच्या घरात स्वतःची खुंटी ठोकून घेण्यासारखाच हा प्रकार आहे!

सुई तयार न करू शकणारे जंतू प्रयोगशाळेत उत्तम वाढतात, परंतु पेशीत शिरू शकत नाहीत. म्हणजेच जंतूचे जगणे आणि त्याचे रोगकारक सामर्थ्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. केवळ जंतू मरतो किंवा नाही एवढेच पाहणारी परीक्षा औषधाचे पूर्ण मूल्य सांगू शकत नाही.

मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेतील संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे उद्बोधक ठरतो. कच्च्या बेलफळाच्या वाळविलेल्या मगजाचा काढा त्यांनी तपासला. सहापैकी एकाही जिवाणूच्या जीवनक्षमतेवर त्याचा परिणाम झाला नाही. मात्र जिवाणूंचे मानवी पेशींना चिकटणे व त्यांत शिरणे लक्षणीय प्रमाणात घटले, तसेच पटकीच्या विषाची निर्मितीही कमी झाली. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अग्र्य द्रव्ये सांगताना बिल्वास संग्राही व दीपनीय द्रव्यांत श्रेष्ठ मानले आहे, याचे येथे स्मरण होते.

तथापि या अभ्यासात सुईची रचना तपासलेली नव्हती. काढा सुईवरच कार्य करतो, असा निष्कर्ष त्यावरून काढणे योग्य होणार नाही. शिवाय पेशींवरील प्रयोग म्हणजे रुग्णांवरील सिद्धता नव्हे.

यास्तव औषधनिर्मात्यांनी बिल्वकल्पांच्या वेष्टनावर ‘जिवाणुनाशक’ असा दावा करू नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. शास्त्रोक्त गुण लिहिणे अधिक प्रामाणिक ठरेल. वैद्यबंधुभगिनींनीही मलातून रक्त, तीव्र ज्वर वा शरीरातील जलांश घटल्याची लक्षणे दिसताच, विशेषतः बालकांच्या बाबतीत, जलसंजीवनी सुरू करून रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. काढ्याच्या गुणाची वाट पाहण्याची ती वेळ नव्हे.