कळप फिरता राहिला तर

गवत खाल्लं की संपतं, असं सुरतेत ज्याला विचाराल तो सांगेल. आमच्या घरची शिकवण उलटी होती. आजोबा साक्री तालुक्यातले धनगर. पावसाळा सरला की मेंढरं घेऊन निघायचे. वाटेत शेतकऱ्याच्या रानात मेंढ्या बसवायच्या, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचं आणि दोन-तीन रात्रींत वाडा उचलायचा. शेतकरी आग्रह करत असला तरी एका माळावर ते जास्त रेंगाळत नसत. चरून झालेलं रान सोडायचं आणि पुन्हा उगवेपर्यंत तिकडे फिरकायचं नाही, हा त्यांचा नेम. मी धुळ्याला वनस्पतिशास्त्र शिकलो, मग पोटासाठी सुरतेला आलो. उधना भागात राहतो, रिंग रोडवरच्या साडी मार्केटात हिशेब लिहितो. गवताचा विषय मात्र सुटला नाही.

आजोबांच्या नेमामागचं कारण मला कॉलेजात कळलं. झाडाची वाढ फांदीच्या शेंड्याला होते. शेंडा खुडला की ती फांदी अडते. गवताचा वाढीचा भाग मुळाशी, जमिनीलगत असतो. वरची पात शेळीने, मेंढीने, हरणाने खाल्ली तरी खालून नवी येते. उलट कुणी खाल्लंच नाही तर जुनं गवत उभ्या उभ्या वाळतं, नव्या कोंबावर सावली धरतं, आणि हळूहळू तिथे काटेरी झुडपं शिरतात. म्हणून चरणारं जनावर हा गवताचा शत्रू नाही. ते कुठे, किती आणि किती दिवस चरतं यावर सगळं ठरतं.

हीच गोष्ट एका रशियन माणसाने जगाच्या पार उत्तर टोकाला सिद्ध करायला घेतली आहे. ईशान्य सायबेरियात, कोलिमा नदीकाठी चेर्स्की नावाचं गाव आहे. तिथे सर्गेई झिमोव या शास्त्रज्ञाने १९८८ मध्ये याकुत जातीचे घोडे आणून प्रयोग सुरू केला. १९९६ मध्ये त्याचं ‘प्लाइस्टोसीन पार्क’ झालं. आता त्यांचा मुलगा निकिता ते सांभाळतो. हिमयुगात स्पेनपासून कॅनडापर्यंत अखंड गवताळ मैदान पसरलेलं होतं. मॅमथ, बायसन, घोडे, केसाळ गेंडे आणि रेनडिअर यांचे कळप त्यावर चरत. दहा-बारा हजार वर्षांपूर्वी यातली बहुतेक मोठी जनावरं गेली, आणि मैदानाच्या जागी शेवाळ, झुडपं आणि दलदल आली. जनावरं शिकारीने संपली की हवामान बदलल्याने, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. झिमोव यांचं म्हणणं असं, की माणसाने कळप मारले, आणि कळप गेले म्हणून गवत गेलं. त्यामुळे कळप परत आणले तर गवतही परतेल.

यात एक बारकावा आहे, तो मला फार पटतो. थंड प्रदेशात पडलेला पालापाचोळा फार हळू कुजतो, वर्षानुवर्षं पडून राहतो आणि त्यातलं खत मातीला लवकर मिळत नाही. तिथे कुजण्याजोगी उबदार जागा एकच, जनावराचं पोट. सकाळी खाल्लेलं गवत शेण होऊन दुसऱ्या दिवशी जमिनीवर पडतं आणि नव्या गवताला लागू होतं. जनावर काढून घेतलं की हे चक्रच थांबतं.

दुसरा फायदा हिवाळ्यातला. त्या भागातली माती खोलपर्यंत कायम गोठलेली असते. उत्तरेकडच्या अशा गोठलेल्या मातीत सुमारे १,५०० अब्ज टन कार्बन अडकून आहे, म्हणजे आजच्या हवेतल्या कार्बनच्या जवळपास दुप्पट. माती वितळली की जिवाणू कामाला लागतात आणि तो कार्बन वायू होऊन वर येतो. हिवाळ्यात बाहेर उणे चाळीस अंश थंडी असते, पण जमिनीवर भुसभुशीत बर्फाची जाड गोधडी पडलेली असल्याने ती आत पोचत नाही. गवत शोधण्यासाठी घोडे आणि बायसन तो बर्फ खुरांनी उकरतात, तुडवून दाबतात. मग थंडी थेट मातीत उतरते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, चौरस किलोमीटरला शंभराच्या आसपास जनावरं असली तर बर्फाची जाडी निम्म्यावर येते. सगळ्या आर्क्टिकभर असं घडलं तर, तापमानवाढ बेसुमार झाली तरी, या शतकाच्या अखेरपर्यंत गोठलेल्या मातीपैकी ८० टक्के टिकू शकेल, असं त्यातलं गणित सांगतं.

‘सगळ्या आर्क्टिकभर’ हे शब्द मात्र विसरून चालणार नाही. पार्कचा कुंपणातला भाग जेमतेम वीस चौरस किलोमीटर आहे. बहुतेक जनावरं दुरून आणावी लागतात. कस्तुरी बैल रँगल बेटावरून आले, याक बैकाल सरोवराकडून. २०१९ मध्ये डेन्मार्कहून बारा बायसन ट्रकने आणि नौकेने आणले. पुढे उंटही आणले. इतक्या कष्टाने इतकी थोडी जनावरं, आणि भोवती कुंपण. मेंढपाळाच्या नजरेला हे कुंपण खुपतं. कळप फिरता राहावा म्हणून पूर्वी मागे लांडगे असत. आजोबांनी लांडग्याला कधी माफ केलं नाही, पण लांडगा हरणांचं जे करतो तेच ते काठी आणि कुत्रा घेऊन मेंढ्यांचं करत होते. कळपाला एका जागी बसू देत नव्हते.

सुरतकराला हे सगळं पाहायला सायबेरियात जायची गरज नाही. हजीऱ्याहून घोघ्याला जाणारी बोट नोव्हेंबर २०२० पासून सुरू आहे. रस्त्याने ३७० किलोमीटरचा वळसा, समुद्रातून ९० किलोमीटर. पलीकडे उतरलं की भावनगर, आणि तिथून पुढे भाल प्रदेशात वेळावदरचं काळवीट राष्ट्रीय उद्यान. सपाट, खारट, झाडं विरळ. सवय नसलेल्याला वाटतं, इथे काहीच नाही. आणि तेवढ्यात दूरवर शेकडो शिंगं हलतात.

भावनगरच्या महाराजांचं हे राखीव कुरण होतं. पाळीव चित्ते सोडून इथे काळविटांची शिकार केली जाई. राजवटीत शिकारीवरही राजाचा पहारा होता. स्वातंत्र्यानंतर पहारा सुटला, बंदुका मोकळ्या झाल्या, आणि १९४७ मध्ये हजारांनी असलेली काळविटं १९६६ च्या सुमारास दोनशेच्या आसपास उरली. मग संरक्षण आलं, १९७६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. क्षेत्र साधारण ३४ चौरस किलोमीटर. बाहेरून एकही जनावर आणावं लागलं नाही. उरलेल्यांना मारू दिलं नाही आणि गवत राहू दिलं, एवढ्यावर कळप पुन्हा हजारांत गेले. त्यांच्यासोबत लांडगा टिकला, पावसाळ्यात तणमोर विणीला येत राहिला. हिवाळ्यात भोवत्या नावाचे शिकारी पक्षी संध्याकाळी गवतात उतरतात. त्यांचा हा रातथारा जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी गणला जातो. दिवसभर ते शेतांवरचे टोळ आणि नाकतोडे टिपतात, म्हणजे भालच्या शेतकऱ्याचं कामच करतात.

हे पक्षी उन्हाळा कझाकस्तानच्या गवताळ मैदानांवर काढतात. तिथेही कळप परतत आहेत. सायगा नावाचं मोठ्या नाकाचं हरीण या शतकाच्या सुरुवातीला तिथे वीसेक हजारांवर आलं होतं. शिकार रोखल्यावर, मध्ये २०१५ च्या साथीत दोन लाखांहून जास्त मेल्यानंतरही, २०२३ पर्यंत त्यांची संख्या १९ लाखांवर गेली.

वेळावदर हा सुखान्त मात्र नाही. माझ्यासोबतच्या वाटाड्याने जीप थांबवून लेंड्यांचा एक ढीग दाखवला. काळविटाचा नर आपल्या तुकड्यावर रोज त्याच जागी लेंड्या टाकून हद्द सांगतो. त्या ढिगात इवली इवली रोपं उगवली होती. “गांडो बावळ,” तो म्हणाला. आपण हिला वेडी बाभूळ म्हणतो. मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेकडची ही झुडपं खारी जमीन आवरण्यासाठी आपणच पेरली. कच्छच्या बन्नी कुरणात १९६१ पासून वनखात्याने ती हजारो हेक्टरवर लावली, आणि तिथल्या म्हशींचं गवत तिने खाऊन टाकलं. वेळावदरला उन्हाळ्यात गवत सरतं तेव्हा काळविटं हिच्या गोड शेंगा खातात. बिया पोटातून शाबूत बाहेर पडतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की नर जिथे दाटीने हद्दी आखतात तिथेच बिया सर्वांत जास्त साठतात. म्हणजे ज्याला मोकळं मैदान हवं, तोच मैदान बुजवणारं झाड पेरतो आहे. काळविटाचा यात दोष नाही. झाड आपण आणलं, तेव्हा उपटायचंही आपणच. दरवर्षी ते उपटलं जातं आणि पुन्हा येतं. ‘जनावरं सोडा, निसर्ग आपोआप सावरेल’ असं म्हणणाऱ्याने तो ढीग पाहावा.

आणि तरीही, मला सगळ्यात जास्त राग झुडपांचा येत नाही. राग येतो तो गवताळ जमिनीला पडीक ठरवून तिच्यावर खड्डे खणणाऱ्या वृक्षारोपणाचा. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकासाठी १९७९ पासून राखलेल्या माळावरही झाडं लावली गेली. माळढोक उघड्या माळाचा पक्षी आहे, तो झाडीत राहत नाही. गवताचा कार्बन मुळांत आणि मातीत असतो, डोळ्यांना दिसत नाही. म्हणून फोटोत रोप असलं की पर्यावरण झालं, असं वाटतं. पाच जूनला सुरतेतही ट्रकभर रोपं वाटतात. शहरात ती हवीतच. माळावर नकोत.

वेळावदरची सीमा काळविटांना माहीत नाही. ती बाहेर येतात, भालच्या गव्हाच्या आणि पडीक रानांत चरतात, पावसाळ्यात पाणी साचलं की उंचवट्याला सरकतात. उद्यानाच्या शेजारीच धोलेरा हा ९२० चौरस किलोमीटरचा औद्योगिक विभाग उभा राहतो आहे. त्यातून रोजगार येईल, उद्या आमच्यातलीही मुलं तिथे कामाला जातील. पण बाहेरचं रान संपलं तर ३४ चौरस किलोमीटरमध्ये कोंडलेला कळप चेर्स्कीच्या कळपासारखा होईल, फक्त कुंपणाच्या जागी भिंती आणि रस्ते असतील. आराखड्यात उद्यानालगतचा पट्टा चराईसाठी आणि काळविटांच्या येण्याजाण्यासाठी मोकळा ठेवावा, एवढी मागणी सुरतेतले, भावनगरचे लोक मिळून करू शकतात.

आमच्या गावचं गायरान अजून आहे. एका खात्याने त्यावर चर खोदून, तार ओढून रोपं लावली आणि चराईबंदी केली. निम्म्याहून जास्त रोपं वाळली. तारेच्या आत गवत कमरेएवढं वाळून उभं राहतं आणि दर उन्हाळ्यात पेटतं. काका अजून मेंढ्या राखतो. दिवाळीत मी त्याला म्हटलं, काका, ग्रामसभेत तुकडे पाडून मागा. एक तुकडा चरायचा, बाकीचे बंद, मग पाळी बदलायची. तो म्हणाला, “अरे, तुझा आजा हेच करत होता, त्याला कुणी कागद विचारला नव्हता.” आता कागद लागतो, म्हणून अर्ज मीच लिहिला आहे. चार तुकडे, कोणत्या महिन्यात कोणता, किती मेंढ्या, किती रात्री, आणि कुठली वेडी बाभूळ आधी काढायची, असं सगळं त्यात आहे. पुढच्या ग्रामसभेत तो वाचला जाणार आहे.