नाल्यावरचा तवंग

गेल्या पोळ्याला बऱ्याच वर्षांनी गावी जायचा योग आला. आमचं घर पांढुर्ण्याचं, आणि मामाची संत्र्याची बाग सौंसरकडे. लहानपणी पोळ्याच्या सकाळी मामासोबत बैल धुवायला नाल्यावर जाणं हा आमचा ठरलेला कार्यक्रम असायचा. या वेळी माझ्या सहा वर्षांच्या मुलीलाही तो दाखवायचा होता. बैल नाल्याच्या काठापर्यंत आले आणि मामाने कासरा ओढून धरला.

"हे पाय भाचेबुवा, पाण्यावर मोर नाचून राह्यला. बैल आज इथं नाही धुवाचे."

पाण्यावर जांभळे, हिरवे, सोनेरी पट्टे सरकत होते. मुलीला ते फारच आवडले. "बाबा, इंद्रधनुष्य!" असं म्हणून ती वाकली, आणि मी तिचा हात धरून तिला मागे ओढलं.

पाण्यावरचा प्रत्येक रंगीत थर तेलाचाच असतो असं नाही. साचलेल्या पाण्यात लोहजिवाणूंमुळेही तसाच तवंग येतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. काडीने तवंग ढवळायचा. त्याचे काचेसारखे तुकडे झाले आणि ते वेगवेगळे राहिले, तर तो जिवाणूंचा. काडी काढताच थर पुन्हा एकमेकांत मिसळला, तर ते तेल. आमच्या नाल्यावरचा थर लगेच जुळून आला. वासही गॅरेजमध्ये येतो तसा, जळक्या ऑइलचा होता.

आम्ही काठाने वर चालत गेलो. दहा मिनिटांवर एका छोट्या कारखान्याची मागची भिंत लागली. भिंतीखालच्या पाइपातून काळसर पाणी ठिबकत होतं आणि खालची माती तेलाने चिकट झाली होती. कारखान्याचं नाव मी इथे देत नाही, कारण हा लेख त्याच्याविषयी नाही. पण एक गोष्ट सांगायलाच हवी. माझा मामेभाऊ त्याच कारखान्यात कामाला आहे.

एक रात्र

दादाला मी संध्याकाळी, पुरणपोळीचं जेवण झाल्यावर अंगणात गाठलं. त्याला माहीत होतं. मागच्या शेडमध्ये वापरलेल्या तेलाचे ड्रम ठेवलेले असतात, त्यातला एक कलंडला होता. पावसाचं पाणी शेडमध्ये शिरलं आणि ते तेल घेऊन बाहेर पडलं. मुद्दाम कोणी केलं नव्हतं. पण कोणी कुठे कळवलंही नव्हतं.

"मी उद्या तक्रार करणार आहे," मी म्हटलं.

दादा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तू चार दिवसानं पुण्याले चालला जाशीन. मले इथंच राहाचं हाय. एक रात्र दे. मी मॅनेजरसंग बोलतो, तेच कळवतीन."

मी हो म्हटलं. ते बरोबर केलं की चूक, हे अजूनही मला ठरवता येत नाही. कारण त्या रात्री दोन तास जोरदार पाऊस पडला. सकाळी नाल्यावर जाऊन पाहिलं तर बराचसा तवंग वाहून गेला होता. कुठे गेला असेल? आमचा नाला पुढे कन्हानला मिळतो. कन्हान छिंदवाड्याकडून येते, सौंसर तालुक्यातून महाराष्ट्रात नागपूर जिल्ह्यात उतरते आणि पुढे तिला पेंच मिळते. नागपूरच्या पिण्याच्या पाण्याचा एक भाग याच कन्हानमधून उचलला जातो. म्हणजे आमच्या नाल्यात पडलेल्या गोष्टीचा प्रवास माझ्या नागपूरच्या आत्याच्या नळाच्या दिशेनेच असतो.

मॅनेजरने सकाळपर्यंत कुठेही कळवलं नव्हतं.

थोडंसंच तर आहे

गावात जो तो हेच म्हणत होता. एक ड्रम, त्यातलंही अर्धंच सांडलं. इंजिनीअर असल्यामुळे मी हिशेब मांडला. इंद्रधनुष्यासारखा दिसणारा तवंग साधारण एका मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्या जाडीने एक लिटर तेल पसरलं तर एक हजार चौरस मीटर पाणी झाकलं जातं. एका लिटरमध्ये जवळपास पाव एकर! थर जाड असेल तर हवेतला ऑक्सिजन पाण्यात जायला अडथळा येतो. वापरलेल्या तेलात इंजिन आणि यंत्रांमधून आलेले जड धातूही असतात, आणि ते गाळात बसून राहतात.

मोठ्या गळतीची बातमी होते. 7 ऑगस्ट 2010 ला मुंबई बंदराजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-3' या जहाजांची टक्कर झाली, तेव्हा किनाऱ्यावर आलेलं काळं तेल सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. 16 जुलै 2022 ला कोराडी औष्णिक वीज केंद्राचा खसाळा इथला राखेचा बांध फुटला. ती राख कोलार आणि कन्हान नद्यांत उतरली आणि नागपूरच्या पाणीपुरवठ्याला फटका बसला, तेव्हा यंत्रणा लगेच हलली. आमच्या नाल्यावर मात्र ना कॅमेरा येणार होता, ना पत्रकार. छोटी गळती कोणीतरी कळवली तरच ती घडली असं धरलं जातं.

माझी पहिली चूक

खरं सांगायचं तर पोळ्याच्या सकाळी मी सगळ्यात आधी काय केलं? तवंगाचा व्हिडिओ काढून तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. अर्ध्या तासात चाळीस-पन्नास प्रतिक्रिया आल्या. रागावलेले चेहरे, "धिक्कार", "यांना धडा शिकवला पाहिजे". त्यातला एकही माणूस सौंसरला येऊन पाण्याचा नमुना घेऊ शकणार नव्हता. ज्यांना तो अधिकार आहे, त्यांना मी फोनच केला नव्हता.

रोजच्या कामात मी हीच चूक दुसऱ्यांना दाखवून देत असतो. सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडला की "तुमचं ॲप भिकार आहे" अशी तक्रार उपयोगाची नसते. काय केलं, कधी केलं, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं आणि सोबत स्क्रीनशॉट, एवढं लिहिलं की समोरचा माणूस कामाला लागतो. दोष कोणाचा, हे शोधणं त्याचं काम.

दुसऱ्या दिवशी मी तशीच तक्रार लिहिली. तो गोटमारीचा दिवस. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जांब नदीवर गोटमार, त्यामुळे जिल्ह्याचं सगळं प्रशासन बंदोबस्तात गुंतलेलं. ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाल्यापासून जिल्हाधिकारी इथेच बसतात, पण त्या दिवशी कोणाला गाठणार? म्हणून मध्य प्रदेशच्या 181 या सीएम हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक घेतला. मध्य प्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या क्षेत्रीय कार्यालयाला फोन केला आणि तीच तक्रार ई-मेलनेही पाठवली.

आपल्याकडे घरात मराठी आणि कचेरीत हिंदी, त्यामुळे तक्रार हिंदीत गेली. 'तवंग' या शब्दाला हिंदीत नेमकं काय म्हणायचं यावर मामाशी पाच मिनिटं चर्चा झाली. शेवटी "पानी पर तेल की परत" लिहिलं. बाकी मजकूर असा होता: तारीख, वेळ, गाव, नाल्याची जागा नकाशावरच्या अक्षांश-रेखांशासह. पाण्यावर तेलाचा थर, अंदाजे किती लांब. जळक्या ऑइलचा वास. भिंतीखालच्या पाइपातून ठिबकणारं काळसर पाणी. रात्री पाऊस झाला, थर कमी झाला, माती अजून तेलकट आहे. खालच्या अंगाला विहीर आणि संत्र्याची बाग. सोबत वेळेची नोंद असलेले सहा फोटो. खाली माझं नाव आणि नंबर. "अमक्याने सोडलं" असं एकही वाक्य नव्हतं. ते मी पाहिलंच नव्हतं.

कायदा काय म्हणतो

फोन करण्याआधी मी कायदा वाचून काढला. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, 1974. त्यातल्या काही गोष्टी शाळेत शिकवायला हव्या होत्या असं वाटलं.

या कायद्यात 'प्रवाह' म्हणजे फक्त नदी नव्हे. नाला, ओढा, भूजल हे सगळं त्यात येतं, आणि त्या वेळी कोरडा पडलेला नालाही येतो. "उन्हाळ्यात तर तिथं पाणीच नसते" ही सबब चालत नाही.

कलम 31 सांगतं की अपघाताने किंवा अनपेक्षित घटनेमुळे प्रदूषक पदार्थ प्रवाहात गेला, किंवा जाण्याची शक्यता असली, तर त्या जागेच्या प्रमुखाने मंडळाला ताबडतोब कळवलं पाहिजे. वापरलेलं तेल तर घातक कचऱ्यात मोडतं. 2016 च्या घातक कचरा नियमांनुसार अपघात झाल्यास फोन किंवा ई-मेलने तत्काळ सूचना आणि त्यानंतर 'फॉर्म 11' मध्ये अहवाल द्यावा लागतो. म्हणजे कळवण्याची पहिली जबाबदारी कारखान्याची. नागरिकाची तक्रार ही त्यानंतरची पायरी.

आणि कोणी दाद दिलीच नाही तर? मंडळाला 60 दिवसांची नोटीस देऊन सामान्य नागरिकही न्यायालयात जाऊ शकतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं मध्य विभागाचं पीठ भोपाळलाच आहे. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही.

काचेची बाटली

तोवर मामा स्वस्थ बसला नव्हता. गोठ्यात मागच्या हंगामातला खराब कापूस पडून होता. तो त्याने जुन्या पोत्यांत भरला आणि पोती दोरीने बांधून नाल्यात आडवी टाकली. कच्च्या कापसावर नैसर्गिक मेण असतं. ते पाणी दूर ठेवतं आणि तेल धरून ठेवतं. मामाला हे कारण ठाऊक नव्हतं, पण ट्रॅक्टर दुरुस्त करताना तो हात कापसानेच पुसतो, एवढा अनुभव पुरेसा होता. शेजारचा एक जण साबणाची पावडर टाकायला निघाला होता, त्याला आम्ही थांबवलं. साबणाने तेल दिसेनासं होतं, पण नाहीसं होत नाही. ते बारीक होऊन पाण्यात मिसळतं आणि मग काढताच येत नाही.

तिसऱ्या दिवशी अधिकारी आले. त्यांनी पाण्याचा नमुना रुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत घेतला. मी मिनरल वॉटरच्या बाटलीत भरून ठेवलेलं पाणी त्यांना दाखवलं तेव्हा ते हसले. तेल प्लास्टिकला चिकटतं, त्यामुळे तो नमुना बिनकामाचा. शिवाय कारवाईसाठी कायद्याच्या पद्धतीने, संबंधितांना कळवून, सील करून घेतलेला नमुनाच ग्राह्य धरतात. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यात तेल आणि ग्रीस एका लिटरला जास्तीत जास्त 10 मिलिग्रॅम चालतं, हेही त्यांनीच सांगितलं. मामाच्या विहिरीचाही नमुना घेतला. तेलाने भिजलेली पोती जाळायची नाहीत, तीही घातक कचराच, असं बजावून ती कारखान्याच्या ताब्यात दिली.

आदल्या रात्रीच्या पावसाआधी आले असते तर नाल्याचा नमुना अधिक बोलका मिळाला असता, असं ते जाता जाता म्हणाले. मी दादाकडे पाहिलं नाही, आणि दादाने माझ्याकडे.

पुढे काय झालं

कारखान्याला नोटीस मिळाली. तेलकट माती खरवडून ड्रममध्ये भरून अधिकृत ठिकाणी पाठवली गेली. शेडला सिमेंटची फरशी आणि भोवती गुडघाभर उंचीचा कट्टा झाला. आता ड्रम कलंडला तरी तेल आतच राहील. विहिरीच्या पाण्यात तेल सापडलं नाही. अहवाल येईपर्यंतचे दिवस मामीने पिण्याचं पाणी दूरच्या हातपंपावरून आणलं. त्या खेपा कुठल्याच अहवालात नाहीत.

दादाची नोकरी शाबूत आहे. पण दिवाळीपर्यंत तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. मी समजू शकतो. आमच्या भागात कारखाना म्हणजे पोरांना नागपूरला न जाता मिळालेला पगार. त्याच्यावर बोट ठेवणारा पुण्यातला भाऊ कोणाला आवडेल? पण बाग म्हणजेही तोच पगार, आणि ती त्याच्याच बापाची आहे.

भाऊबीजेला त्याने आपणहून एक फोटो पाठवला. नवीन कट्टा, आणि त्याच्या वर भिंतीवर रंगवलेला मंडळाचा फोन नंबर. खाली एक ओळ: "आता आमीच फोन करू, तुले पुण्याहून याची गरज नाही."

आपल्यापैकी बरेच जण सुटीपुरते गावी जातो. चार दिवसांत एखादी गोष्ट खटकते, आपण चिडतो, फोटो टाकतो आणि परत येतो. मागे राहणाऱ्यांचं नातं आणि पोट दोन्ही तिथेच असतं. म्हणून तक्रार करायची ती आरोप न करता, दिसलं तेवढंच लिहून, स्वतःच्या नावाने, आणि त्याच दिवशी. मी एक रात्र थांबलो आणि पावसाने अर्धा पुरावा धुऊन नेला. पुढच्या वेळी दादाशी बोलेन ते फोन केल्यानंतर, पण बोलेन नक्की.

यंदाच्या पोळ्याला मुलीला पुन्हा नाल्यावर न्यायचं आहे. तिने आत्ताच विचारून ठेवलंय, "बाबा, या वेळी इंद्रधनुष्य नसेल ना?"