इंग्लिश कॉन्सर्टिनाची पारख

दोन्ही हातांत धरावयाचें, षट्कोनी, मधोमध भाता असलेलें कॉन्सर्टिना हें वाद्य शिकण्याची हौस एखाद्यास झाली, तर पहिला प्रश्न पैशांचा. आणि त्यामागोमाग दुसरा असा कीं, अकॉर्डियनचीं पातीं बसविलेलें स्वस्त वाद्य घ्यावें किंवा नाहीं? याचा आम्ही येथें विचार करणार आहों.

इंग्लिश कॉन्सर्टिनाचे जनक चार्ल्स व्हीटस्टन. त्यांचें मूळ पेटंट १८२९ सालचें. विद्युत्तारायंत्राच्या इतिहासांत ज्यांचें नांव येतें तेच हे गृहस्थ. या वाद्यांत भाता दाबला काय किंवा ओढला काय, एका बटणांतून एकच सूर निघतो. 'अँग्लो' जातींत मात्र बहुधा दोन निरनिराळे निघतात. पाश्चात्त्य स्वरलेखनांतील पांच रेषांवरचे सूर डाव्या हाताकडे व रेषांमधील जागांचे उजव्या हाताकडे असल्यामुळें सप्तक वाजवितांना हात आळीपाळीनें चालतात.

आतां पात्यांविषयीं. आपली बाजाची पेटी उघडल्यास पितळी पट्टीवर एका टोकास जखडलेली पातळ जीभ दिसते. हवेनें ती कंप पावली म्हणजे सूर उमटतो. कॉन्सर्टिनाचें तत्त्व तेंच. जुन्या पद्धतीच्या वाद्यांत प्रत्येक पात्याची पितळी चौकट स्वतंत्र असून ती लांकडांतील खांचेंत नेमकी बसवावी लागते. ४८ बटणांच्या वाद्यास, दाबण्याचें एक व ओढण्याचें एक, अशीं ९६ पातीं लागतात. हें काम कसबी हाताचें. म्हणून किंमत चढते. अकॉर्डियनच्या पद्धतींत एकाच धातुपट्टीच्या दोन अंगांस दोन पातीं रिव्हेटनें बसवितात. अशीं पातीं कारखान्यांत मोठ्या प्रमाणावर होतात, म्हणून स्वस्त पडतात. मात्र ती पट्टी जागा अधिक व्यापते. त्यामुळें बटणें कमी, पुष्कळदां ३०च, असतात. नादही किंचित् निराळा येतो.

परंतु एवढ्यावरून त्या वाद्यास हलकें लेखूं नये. खरी पारख पात्याच्या जातीची नव्हे, कारागिरीची होय. विकत घेण्यापूर्वीं पुढील गोष्टी पाहाव्या. बटण न दाबतां वाद्याचें एक टोक धरून दुसरें लोंबकळूं द्यावें; भाता भरभर उघडला तर हवा गळते असें समजावें. प्रत्येक बटण दाबतांना व ओढतांना वाजवून दोन्ही सूर जुळतात कीं नाहीं हें ऐकावें. खर्जाचे सूर अगदीं मंद हवेवर बोलले पाहिजेत. एकच बटण जलद वाजविलें असतां तें अडकूं नये. जुनें वाद्य असेल, तर तें पूर्वींच्या उंच सुरांत तर लाविलेलें नाहीं ना, हें अवश्य तपासावें; नाहीं तर इतर वाद्यांशीं मेळ बसणार नाहीं.

पालकांस आमचें सांगणें एवढेंच. गळका भाता व अडणारीं बटणें असलेलें वाद्य मुलाच्या हातीं दिलें, तर दोष वाद्याचा असतो, आणि मूल समजतें कीं दोष आपल्या बोटांचा. तें वाद्य लवकरच कपाटांत जातें, आणि त्याबरोबर मुलाचा उत्साहही. त्यापेक्षां अकॉर्डियनच्या पात्यांचें, ३० बटणांचें, पण नीट बांधलेलें वाद्य शतपट बरें. साध्या चाली त्यावर सुखानें वाजतात. आणि बोटांस लागलेलें वळण पुढें ४८ बटणांच्या वाद्यावरही तसेंच उपयोगी पडतें.