डिकीचं रबर: पद्मिनीच्या निमित्ताने

मागच्या वेळी आपण दारांबद्दल बोललो, आज गाडीच्या मागच्या बाजूला जाऊ. डिकीचं रबर, म्हणजे गॅरेजवाले ज्याला बीडिंग म्हणतात ते. उदाहरण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचंच घेतलंय: कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी. फियाट ११०० चीच ही गाडी १९७४ पासून पद्मिनी नावाने विकली गेली. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. आता ज्या उरल्यात त्या हौशी लोकांनी सांभाळलेल्या.

लोक इंजिनावर लाखभर खर्च करतात आणि डिकीच्या रबराला "नंतर बघू" म्हणतात. पावसाळ्यात पाणी आत येतं, चटईखाली मुरतं, वरून काही दिसत नाही. दिवाळीत चटई उचलली की पत्र्यातून खालचा रस्ता दिसतो! पण गंजापेक्षा मोठी गोष्ट धुराची आहे. गाडी पळत असताना तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर तिथेच घुटमळतो. रबर गेलं असेल तर तो फटीतून डिकीत शिरतो, तिथून मागच्या सीटच्या पाठीमागून माणसांपर्यंत. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. लांबच्या प्रवासात मागे बसलेल्या मुलांचं डोकं दुखायला लागलं, तर "गाडी लागली" म्हणून सोडून देऊ नका.

आता कामाकडे. जुनं रबर काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा: रबर झाकणावर आहे की बॉडीच्या कडेवर, जाड बाजू कुठल्या दिशेला, जोड कुठे. मग काढा. खालचा वाळलेला गोंद थिनरने, पण कापडाला लावून, ओतून नाही, नाहीतर आजूबाजूचा रंगही निघेल. गंज दिसला तर पॉलिश पेपरने घासून प्रायमर आणि रंग. हे टाळून गंजावरच गोंद लावला, तर गोंद गंजाला चिकटतो आणि गंज पत्र्यापासून सुटतो.

नवीन रबर निवडताना जुना तुकडा दुकानात नेतात, तिथेच गफलत होते. तो चाळीसेक वर्षं दबून चपटा झालेला असतो, त्याच्या मापाचं नवीन पातळच येणार. आम्ही मुलांच्या खेळण्यातली माती वापरतो. तिचे गोळे पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून कडेवर सात-आठ ठिकाणी ठेवायचे, डिकी बंद करायची, उघडायची, उरलेली जाडी मोजायची. पोकळ रबर बंद डिकीत साधारण तिसऱ्या हिश्शाने दबावं, या हिशेबाने माप घ्या. साहित्य ईपीडीएमचं मिळालं तर तेच घ्या, ते उन्हाला साध्या रबरापेक्षा बरंच जास्त टिकतं.

आमच्या पहिल्या पद्मिनीला आम्ही रबर छान ताणून बसवलं होतं. अगदी सरळ, देखणं. आठवड्याभरात ते आक्रसलं आणि जोडापाशी बोटभर फट पडली. ताणायचं नाही, हे तेव्हा कळलं. उलट कोपऱ्यावर रबर किंचित आत ढकलत बसवायचं. ताणलं तर कोपऱ्यात ते पातळ होतं आणि पाणी नेमकं तिथूनच येतं.

सुरुवात खाली, कुलपाजवळून. मागच्या काचेवरचं पाणी वरच्या कडेवर थेट पडतं, तिथे जोड नको. आधी गोंदाशिवाय पूर्ण फेरा बसवून बघा, रात्रभर तसंच राहू द्या. मग दोन्ही पृष्ठभागांवर गोंदाचा पातळ हात, बोटाला चिकटेनासा झाला की वीतभर-वीतभर दाबत जा. शेवटी रबर थोडं जास्तच ठेवून कापा, म्हणजे दोन्ही टोकं एकमेकांवर दाबून बसतील. जोडाला फेविक्विकचा एक थेंब पुरतो. सिलिकॉन मात्र नको. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना जे आम्ल सोडतं ते उघड्या पत्र्याला गंजवतं, आणि पुढे त्या जागी रंगही धरत नाही.

झालं की रबरावर खडूची पूड लावा, डिकी बंद करून उघडा. झाकणावर पांढरी रेघ जिथे तुटली, तिथे रबर टेकत नाहीये. मग पाइपने पाणी, खालून वर. आधीच वरून मारलं तर ते सगळीकडे ओघळतं आणि गळती कुठली ते कळत नाही.

एक प्रश्न आलाय: "नवीन रबर लावल्यावर डिकी बंदच होत नाही, आपटावी का?" नाही हो. कुलपाची खालची पट्टी स्क्रू सैल करून थोडी सरकवा, आणि रबराला आठवडाभर दबायला वेळ द्या. चमक यावी म्हणून त्यावर डिझेल किंवा ग्रीस पुसू नका, रबर फुगतं. वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी आणि नंतर, ग्लिसरीनचा हात पुरेसा आहे.