भूलतज्ज्ञ आणि हाताशी असलेलं औषध

पुण्यात बिबवेवाडीसारख्या भागात छोटी नर्सिंग होम पुष्कळ. तिथे भूल द्यायला बहुधा बाहेरून डॉक्टर येतात. एक शस्त्रक्रिया आटोपली की स्कूटरवरून पुढच्या ठिकाणी. या पेशात व्यसनाचा धोका इतर डॉक्टरांहून जास्त मानला जातो. कारण सरळ आहे. बाकीचे डॉक्टर औषध चिठ्ठीवर लिहितात, भूलतज्ज्ञ ते स्वतः सिरिंजमध्ये भरतो, टोचतो आणि उरलेलं टाकतोही.

भूल देताना वापरलं जाणारं वेदनाशामक फेंटानिल मॉर्फिनच्या सुमारे शंभरपट तीव्र. अ‍ॅम्प्यूलमधलं उरलेलं खरंच टाकलं का, हे पाहायला दुसरा माणूस लागतो, आणि छोट्या ठिकाणी नेमका तोच नसतो. अमली पदार्थांवरच्या १९८५च्या एनडीपीएस कायद्यामुळे फेंटानिलचा हिशेब ठेवावा लागतो. प्रोपोफोल मात्र त्या कायद्याच्या यादीत नाही. गुंगी आणणाऱ्या, श्वास थांबवू शकणाऱ्या औषधाला ही मोकळीक मला तरी खटकते.

दुखणं जुनं आहे. दात काढताना नायट्रस ऑक्साइड वापरून पाहणारा अमेरिकी दंतवैद्य होरेस वेल्स क्लोरोफॉर्मच्या आहारी गेला आणि १८४८ साली तुरुंगात त्याने जीव दिला.

व्यसनाच्या खुणा फसव्या असतात. असा डॉक्टर कामचुकार दिसत नाही. उलट जादा ड्यूट्या मागतो, मध्येच कुणी त्याच्या जागी थांबायला आलं तर नको म्हणतो, उकाड्यातही पूर्ण बाह्या घालतो. कागदावर भरपूर वेदनाशामक दिलेला त्याचा रुग्ण शुद्धीवर येताच कळवळतो. सहकाऱ्यांना शंका येते, पण ‘त्याचं करिअर जाईल’ म्हणून सगळे गप्प बसतात. उपचार पुण्यातच आहेत: अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र येरवड्याला आहे.