नेतृत्वाची घडण : विचार आणि स्वभाव

रुग्णालय उभे राहते देणगीदारांच्या औदार्यावर. चालते मात्र विभागप्रमुखांच्या रोजच्या निर्णयांवर. पदाबरोबर अधिकार येतो, नेतृत्व येत नाही. त्यासाठी विचारांना सवय आणि स्वभावाला वळण लावावे लागते. याचा उत्तम पाठ आपल्या वऱ्हाडातच आहे.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले संत गाडगेबाबा अकोला जिल्ह्यातील दापुरा येथे आजोळी वाढले. शालेय शिक्षण नसतानाही त्यांनी धर्मशाळा व शाळा उभारल्या. कीर्तनात ते उपदेशाऐवजी प्रश्न विचारीत आणि उत्तर श्रोत्यांकडूनच वदवून घेत. गावात जाताच प्रथम हाती झाडू घेत. उभारलेल्या वास्तूंवर त्यांनी स्वतःचा हक्क ठेवला नाही. १९४९ मध्ये पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. आधी विचारणे, आधी स्वतः करणे आणि ‘हे माझे’ न म्हणणे, हे तीन गुण कोणत्याही संस्थाचालकाला आवश्यक आहेत.

रुग्णालयात त्यांची कसोटी मध्यरात्री लागते. अत्यवस्थ रुग्णाला घेऊन खेड्यातून कुटुंब येते. जवळ पैसे नसतात. राज्यात २००६ पासून लागू असलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखावयाच्या असतात, तसेच तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी अडवावयाचे नसते. नियम कागदावर स्पष्ट आहे. परंतु थकलेला, चिडलेला अधिकारी तो विसरू शकतो. शांत चित्ताचा अधिकारी आधी उपचार सुरू करवितो, मग कुटुंबाची विचारपूस करतो.

अशी वृत्ती सरावाने येते. म्हणून नव्या विभागप्रमुखाने आरंभी काही काळ केसपेपरच्या खिडकीवर बसावे, असा आमचा आग्रह असतो. बैठकीत कठीण प्रसंगांची चर्चा करताना दोष कोणाचा, हे न विचारता आम्ही तीन प्रश्न विचारतो : आपल्याला निश्चित काय ठाऊक होते? काय गृहीत धरले? कोणाला विचारावयाचे राहिले? या चर्चेत परिचारिका व सफाई कर्मचारी यांचे म्हणणे वरिष्ठांच्या आधी ऐकले जाते, कारण वरिष्ठ बोलल्यानंतर इतर सहसा गप्प राहतात.

देणगीतून खाट मिळते. ती गरजू रुग्णाला वेळेवर मिळणे निर्णय घेणाऱ्याच्या विवेकावर अवलंबून असते. रुग्णांच्या नातेवाइकांनी आपले बरेवाईट अनुभव अभिप्राय वहीत निःसंकोच नोंदवावेत, ही नम्र विनंती. आमच्या शिक्षणाला त्यांचीच मदत होईल.