डिस्कमधली आजी आणि लॅपटॉपची खरेदी

आदिलाबादला आमच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. मागच्या उन्हाळ्यात ती खाली काढली तेव्हा तिच्यातून एक्केचाळीस डिस्क निघाल्या. एकोणतीस व्हीसीडी आणि बारा डीव्हीडी. घरातली लग्नं, बारशी, माझं पहिलं कम्युनियन, चर्चच्या सणाची मिरवणूक. काही विकतचे सिनेमेही होते. २००७च्या सुमारास मोझर बेअरनं २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी बाजारात आणली, त्या काळातले.

यातली एक डीव्हीडी काकाच्या लग्नाची, २००९ची. हळदीच्या रात्री तिच्यात आजी गाते. आजी वणीकडची, लग्न होऊन पैनगंगेच्या अलीकडे आली. तिच्या वऱ्हाडीत पुढं इतके तेलुगू शब्द मिसळले की वणीचे पाहुणे हसायचे. २०१९ साली ती गेली. तिचा आवाज दुसरीकडे कुठंच नाही. आणि ही डीव्हीडी आमच्या प्लेअरवर एकतिसाव्या मिनिटाला अडकायची, नेमकी गाणं सुरू झाल्यावर.

मला कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायचाच होता. बाबांनी पस्तीस हजार काढून ठेवले होते. म्हणाले, "आजीचं ते गाणं निघालं पाहिजे. बाकी तुला काय घ्यायचं ते घे."

पहिल्या दुकानात मी "व्हिडिओचं काम आहे" एवढंच सांगितलं. दुकानदारानं लगेच बहात्तर हजारांचा गेमिंग लॅपटॉप पुढं केला. वेगळं ग्राफिक्स कार्ड, लाल दिवे लागणारा कीबोर्ड. व्हिडिओला हे लागतंच, म्हणे. मला तेव्हा काही कळत नव्हतं, म्हणून मी गप्प घरी आले. ते बरं झालं. कारण हे काम म्हणजे एक नाही, दोन वेगळी कामं आहेत, आणि माझ्यासारखे साहित्याचे विद्यार्थी नेमके इथंच फसतात.

पहिलं काम डिस्क वाचून तिची जशीच्या तशी प्रत लॅपटॉपमध्ये घेणं. दुसरं काम त्या प्रतीचं रूपांतर करून फोनवर चालेल अशी लहान फाइल बनवणं. प्रोसेसरचा कस लागतो तो दुसऱ्या कामात. पहिल्या कामात सगळा भार डिस्क ड्राइव्हवर असतो, लॅपटॉप बहात्तर हजारांचा असो की बावीस हजारांचा.

आणि दुसरं कामसुद्धा वाटतं तेवढं जड नाही. आपल्याकडच्या व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं असतं, डीव्हीडीचं ७२० गुणिले ५७६. आजच्या फुल एचडी चित्रात डीव्हीडीच्या पाचपट आणि व्हीसीडीच्या वीसपट ठिपके असतात. एवढ्याशा चित्राला महागडं ग्राफिक्स कार्ड कशाला? मी शेवटी जुना, दुरुस्त करून विकतात तसा ऑफिसचा लॅपटॉप घेतला, चोवीस हजारांना. आठव्या पिढीचा चार कोअरचा आय५, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर त्यावर दीड तासाची डीव्हीडी अर्ध्या तासाच्या आत बदलून देतं. साठवायला जागाही फार लागत नाही. साधी डीव्हीडी ४.७ जीबीची, व्हीसीडी ७०० एमबीच्या आसपास. आमची सगळी पेटी ८० जीबीत मावली.

नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क घालायची जागाच नसते. मग दोन वाटा. जुन्या थिंकपॅड टी४२०सारख्या मॉडेलमध्ये ड्राइव्ह आतच असते. पण ते २०११चे, आज कॉलेजच्या बाकी कामाला अपुरे पडतात. दुसरी वाट बाहेरून जोडायच्या यूएसबी ड्राइव्हची. मी तीच धरली, सोळाशे रुपये गेले. अशी ड्राइव्ह वीजही त्याच वायरीतून घेते. त्यामुळे लॅपटॉप घेताना त्याला रुंद, जुन्या पद्धतीचा यूएसबी पोर्ट आहे ना ते पाहा आणि ड्राइव्ह थेट त्यातच लावा. स्वस्त हबमधून लावली की तिला वीज पुरत नाही, ती टिकटिक करत बसते आणि आपल्याला वाटतं डिस्कच मेली.

आता माझी चूक सांगते. ड्राइव्ह आली त्याच संध्याकाळी मी आजीची डिस्क घातली आणि थेट हँडब्रेकला लावली. एकतिसाव्या मिनिटाला काम थांबलं. पुन्हा लावली, पुन्हा थांबलं. असं सात-आठ वेळा. चौथ्यांदा ती अठ्ठाविसाव्या मिनिटालाच अडायला लागली, तरी मी थांबले नाही.

घरी किंवा स्टुडिओत भरलेल्या डीव्हीडीत माहिती रंगाच्या एका सेंद्रिय थरात जाळून लिहिलेली असते. ऊन आणि उष्णतेनं तो थर विटतो. आदिलाबादचा मे महिना, पत्र्याची पेटी, माळा. पुढचं सांगायला नको. अशा डिस्कला रूपांतराला बसवायचं नसतं. आधी फक्त प्रत, तीसुद्धा समजून-उमजून. डीडीरेस्क्यू नावाचा लिनक्सवरचा प्रोग्रॅम हेच करतो. जे सहज वाचता येतं ते आधी उचलतो, अडलेल्या जागांची एका फाइलीत नोंद ठेवतो आणि नंतर फक्त तेवढ्याच जागांकडे परत येतो. मी तो पेनड्राइव्हवरून सुरू केला आणि रात्रभर चालू ठेवला.

व्हीसीडीची गोष्ट वेगळी. तिच्यात जास्त मिनिटं बसावीत म्हणून चुका दुरुस्त करणारी जादा माहिती काढून टाकलेली असते, म्हणून लहानशा ओरखड्यानंही चित्राचे चौकोन चौकोन होतात. तिची साधी आयएसओ प्रत धड होत नाही. बिन आणि क्यू या जोडीतली प्रत घ्यावी लागते. घाई असेल तर एमपीईजीएव्ही फोल्डरमधली डॅट फाइल उचला, व्हीएलसी ती चालवतं. रूपांतर करून चित्र सुधारत नाही, उलट थोडं आणखी बिघडतं. जुन्या कॅमेऱ्यावरून केलेल्या डीव्हीडीत माणूस हलला की कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात. हँडब्रेकमधला डीइंटरलेस चालू केला की त्या जातात. मूळ प्रत मात्र ठेवाच, पुसू नका. मी ती एका वेगळ्या हार्ड डिस्कवरही टाकली.

विकतच्या सिनेमांना मी हात लावला नाही. त्यांच्यावर बहुतेकदा कुलूप असतं, आणि हक्कभंगाच्या हेतूनं असं कुलूप तोडणं २०१२ साली कॉपीराइट कायद्यात आलेल्या ६५अ कलमानुसार गुन्हा आहे. काकाच्या लग्नावर कसलं कुलूप!

सकाळी पाहिलं तर हळदीचा जवळजवळ अर्धा भाग अजून अडलेला. तेव्हा कळलं की डीडीरेस्क्यूची नोंद फाइल घेऊन दुसऱ्या ड्राइव्हवर तेच काम पुढं चालवता येतं, कारण एका ड्राइव्हला न दिसलेलं कधीकधी दुसरीला दिसतं. किनवटला आत्याकडे जुना डेस्कटॉप आहे. डिस्क वहीत गुंडाळली, प्रत आणि नोंद हार्ड डिस्कवर घेतली आणि रेल्वेनं गेले. आत्याला कशासाठी आले ते सांगितलं, तर ती स्वयंपाक सोडून शेजारी येऊन बसली.

दुपारी तीनच्या सुमारास त्या जुन्या ड्राइव्हनं बाकीचं बहुतेक सगळं उचललं. चाळीसेक सेकंद मात्र गेले, दुसऱ्या कडव्याच्या मधोमध. तिथं चित्र गोठतं, आवाज तुटतो आणि मग आजी थेट तिसऱ्या कडव्यावर असते. मी ती जागा परत परत लावून पाहत होते. आत्या म्हणाली, "थांब, मला येतं ते." आणि तिनं मधलं कडवं म्हटलं. मी फोनवर रेकॉर्ड करून घेतलं. ती फाइल आता आजीच्या फाइलीशेजारीच ठेवली आहे.